नणंदबाईंचा फोनवरचा वर्ग

नागपुरात रागीट माणसांची वानवा नाही. इथे उन्हाचा राग येणारे आहेत, रस्ते खोदणाऱ्यांचा राग येणारे आहेत, संत्री आंबट निघाली म्हणून फळवाल्याशी वर्षभर अबोला धरणारेही आहेत. पण क्रियापदाचा राग येणारं माणूस या शहरात एकच आहे, आणि ते नेमकं माझ्या वाट्याला नणंद म्हणून आलं. समोरच्याने इंग्रजी बोलताना कर्ता एकवचनी आणि क्रियापद अनेकवचनी वापरलं की नणंदबाईंच्या कपाळावरची शीर उभी राहते. मग तो माणूस कोण आहे, काय सांगतो आहे, हसतो आहे की रडतो आहे, याच्याशी त्यांना काही देणंघेणं उरत नाही. आमच्या सासूबाई गेल्या तेव्हा एका लांबच्या भाच्याने इंग्रजीतून दुखवट्याचा निरोप पाठवला होता. घरात रडारड चालली होती. नणंदबाईंनी डोळे पुसत तो वाचला, परत एकदा वाचला, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "यानं 'डीप'चं 'डिप' केलं वं. आईले काय पाण्यात बुडवून काढलं?" त्यानंतर त्या पुन्हा रडू लागल्या, आणि मला मात्र पदर तोंडात कोंबून आत जावं लागलं.

धरमपेठेतल्या आमच्या इमारतीत आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो आणि त्या तळमजल्यावर. उभा जन्म त्यांनी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. लग्न केलं नाही. लोक याची नाना कारणं सांगतात, पण खरं कारण माझ्या सासूबाईंनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. स्थळं चांगली येत. त्यांची माहितीपत्रकं त्या काळच्या रीतीप्रमाणे इंग्रजीत असत. नणंदबाई ती लाल शाईने तपासत आणि शेवटी शेरा मारून परत पाठवत. एका मुलाला त्यांनी 'प्रयत्न चांगला, पण घाई केली आहे' असं लिहिलं होतं. तो पुढे मोठा अधिकारी झाला. अजूनही कधी त्याचा विषय निघाला तर नणंदबाई शांतपणे विचारतात, "माणसाले आपली उंची नीट लिहिता येत नाही, तो संसार काय करणार?" त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे यजमान, बहिणीसमोर इंग्रजी शब्द उच्चारत नाहीत. बसला ते 'गाडी' म्हणतात आणि फॅनला 'वरचं ते'.

मोबाइल या वस्तूवर नणंदबाईंचा फार जुना दात होता. शाळेच्या शेवटच्या वर्षांत मुलींकडून जप्त केलेले फोन त्या आपल्या जेवणाच्या डब्यात ठेवत, आणि संध्याकाळी परत देताना त्यांना लोणच्याचा वास येई. फोनमुळे माणसं मुकी होतात असं त्यांचं मत होतं. ते त्या इतक्या वेळा आणि इतक्या मोठ्याने मांडत, की त्यांच्या आसपासची माणसं खरोखरच मुकी होत, आणि त्याचा दोष फोनकडे जाई.

निवृत्त झाल्यावर त्या वर्षभर आमच्या डोक्यावर बसल्या. रेल्वे स्टेशनवर कोणाला आणायला गेल्या तरी उद्घोषणेतल्या चुका सांगत परत यायच्या. कंपनीच्या फोनवर रेकॉर्ड केलेली बाई बोलू लागली की तिला मध्येच थांबवून 'अगेन' म्हणायच्या. शेवटी कोणीतरी देवासारखं धावून आलं आणि वाडीच्या पुढे, अमरावती रोडवरच्या एका नर्सिंग कॉलेजात त्यांना इंग्रजी संभाषण शिकवण्याचं काम मिळालं. मानधन नव्हतं, मान होता. आम्ही दोघांनी त्या दिवशी श्रीखंड आणलं.

कॉलेजातल्या मुली वाडी, कळमेश्वर आणि आजूबाजूच्या गावांतल्या होत्या. मोठ्या दवाखान्यात नोकरी हवी तर थोडं इंग्रजी बोलता यायला हवं, एवढीच त्यांची गरज होती. नणंदबाई वर्गात शिरल्या, टेबलावर पर्स ठेवली आणि पहिल्या मुलीला तिचं नाव इंग्रजीत विचारलं. ती पंख्याकडे पाहू लागली. दुसरीला विचारलं, तीही पंख्याकडे. वर्षभर तो पंखा त्या वर्गाने इतका बारकाईने पाहिला असेल की परीक्षेत त्याची आकृती काढायला सांगितली असती तर सगळ्या पहिल्या वर्गात आल्या असत्या. नणंदबाई घरी येऊन चपला आपटत. "आजकालच्या पोट्ट्यांच्या तोंडात जीभच नाही," त्या म्हणत. पहिल्या चुकीला जिथे टेबलावर पट्टी वाजते तिथे जीभ कोण बाहेर काढील, हे त्यांना सांगणारं घरात कोणी नव्हतं. आमच्याही तोंडात जीभ नव्हती.

मग उन्हाळ्यात कॉलेज काही दिवस बंद राहिलं. मोठ्या बाईंनी, म्हणजे प्राचार्यांनी, सगळ्यांना फोनवरून अभ्यास द्यायला सांगितलं. नणंदबाईंनी नाक मुरडत मुलींना कळवलं की प्रत्येकीने काल काय पाहिलं ते इंग्रजीत बोलून पाठवावं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे ताक द्यायला गेले तर त्या दिवाणाच्या कडेला बसल्या होत्या आणि फोन त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. आतून एक बारीक आवाज येत होता. मागे ट्रकचे हॉर्न वाजत होते, कोणीतरी 'गाडी मागे घे' म्हणून ओरडत होतं, आणि या सगळ्यात एक मुलगी अडखळत, थांबत, पण न थकता सांगत होती की आमच्या खोलीसमोर एका मांजरीने ट्रकच्या चाकाच्या सावलीत पिल्लं घातली आहेत, आणि ड्रायव्हर गाडी हलवायला तयार नाही, आणि माझे वडील त्याच्यावर ओरडले, आणि मग त्यांनीच मांजरीला दूध दिलं. चुकांचा नुसता पाऊस. पण निरोप संपेचना.

"हे शेवटच्या बाकावरची प्रणाली होय," नणंदबाई हळू आवाजात म्हणाल्या. "वर्षभर हजेरीशिवाय शब्द नाही निंगला हिच्या तोंडातून. हे बोलते वं."

त्यांना जे उमगलं ते साधं होतं, आणि त्याचं श्रेय मी त्यांना पूर्ण देते. फोनसमोर कोणाचा चेहरा नसतो. चुकलं तर पुसून परत बोलता येतं, आणि पुसताना कोणी पाहत नाही. विशेषतः नणंदबाई पाहत नाहीत.

त्या दिवसापासून ज्या बाईने फोनला लोणच्यात ठेवलं होतं, तिने त्याला देव्हाऱ्यात बसवलं. नियम झाले. रोज सकाळी प्रत्येक मुलीने एक निरोप बोलून पाठवायचा. काय खाल्लं, कोण भांडलं, गावात काय झालं, काहीही चालेल, पण खरं असलं पाहिजे. "खोटं बोलायचं असल तर मराठीत बोला," असं त्यांनी वर्गाला बजावलं होतं. हे निरोप त्या फोन स्टीलच्या पेल्यात उभा ठेवून ऐकत, म्हणजे आवाज मोठा येतो. तो इतका मोठा येई की कळमेश्वरच्या आसपासच्या दहा-बारा घरांचा संसार आमच्या अख्ख्या इमारतीला पाठ झाला. कोणाची म्हैस 'एक्सपायर' झाली, कोणाच्या आजीने सुनेशी बोलणं टाकलं, कोणाच्या भावाला नोकरी लागली आणि सुटली, हे वरच्या मजल्यावरचे जोशीकाका दाढी करताना ऐकत आणि जिन्यात भेटले की मला पुढचं विचारत. एकदा एका मुलीने सांगितलं की तिचा काका सकाळपासून दारू पीत आहे आणि काकू घाबरली आहे. नणंदबाईंनी ताबडतोब उत्तर धाडलं, "हॅज बीन ड्रिंकिंग. व्हेरी गुड."

माझे यजमान तेव्हा तिथेच होते. ते चाचरत म्हणाले, "ताई, त्या काकाचं काहीतरी केलं पाहिजे."

"काका माझ्या वर्गात नाही," नणंदबाई म्हणाल्या.

नुसते निरोप पुरेनात, म्हणून त्यांनी पेशंट व्हायला सुरुवात केली. कोणत्याही वेळी त्या एखाद्या मुलीला फोन लावत आणि विव्हळत इंग्रजीत सांगत की छातीत दुखतंय, श्वास घेता येत नाही, सिस्टर, मदत करा. मुलीने नर्स होऊन त्यांना धीर द्यायचा, नाव विचारायचं, कुठे दुखतं ते विचारायचं. नणंदबाईंचा अभिनय उत्तम. त्या विव्हळल्या की आमच्या इमारतीचा चौकीदार सुरुवातीला पाणी घेऊन धावे. पुढे नुसता मान हलवू लागला. एका रविवारी त्यांनी प्रणालीला फोन लावला. ती फोन घरी ठेवून बाजारात गेली होती. तो उचलला तिच्या वडिलांनी. ते वाडीच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल बुक करण्याचं काम करतात. त्यांना 'चेस्ट', 'पेन' आणि 'प्लीज' एवढे तीन शब्द कळले आणि आवाज मॅडमचा आहे हे कळलं. दिवाळीत संत्र्यांची पेटी द्यायला ते एकदा येऊन गेले होते, त्यामुळे घर माहीत. अर्ध्या तासात ते मालाचा टेम्पो आणि दोन हमाल घेऊन धरमपेठेत हजर.

नणंदबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी सांगितलं की मी नाटक करत होते. पण अवघडल्या की त्या इंग्रजीत बोलतात, त्यामुळे सांगितलं ते इंग्रजीत. "बिमारीत मानूस काईबी बोलते," असं म्हणून त्या गृहस्थांनी हमालांना खूण केली आणि नणंदबाई खुर्चीसकट टेम्पोत चढल्या. मी मागून धावले आणि चढले. दवाखान्यात छातीचा आलेख काढला गेला. डॉक्टरांनी सांगितलं, काही नाही, हृदय मजबूत आहे. प्रणालीचे वडील इतके खूश झाले की त्यांनी आम्हाला परत आणताना वाटेत उसाचा रस पाजला. "मॅडम, दिल एकदम बढिया हाय तुमचं," ते म्हणाले. घरी आल्यावर नणंदबाई मला म्हणाल्या, "त्या डॉक्टरनं रिपोर्टमध्ये दोन ठिकाणी आर्टिकल खाल्ला."

हे सगळं असंच हसत-खेळत चाललं असतं. प्रणाली आता तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या वर्षात होती आणि नणंदबाईंची सगळ्यात लाडकी. लाडकी म्हणजे तिच्या चुका त्या सगळ्यात जास्त काढत. मग एका आठवड्यात तिचे निरोप येणं बंद झालं. नणंदबाई संतापल्या. तिला ताकीद पाठवली, मग दुसरी ताकीद पाठवली, मग मोठ्या बाईंकडे तक्रार केली. तरी काही नाही. शेवटी एका दुपारी त्या पेला आणि फोन घेऊन आमच्याकडे वर आल्या. "तुम्हीच ऐका," त्या म्हणाल्या. "किती सुधारली होती हे पोट्टी. आता आळस करून राहिली."

त्यांनी तिचा शेवटचा निरोप लावला. प्रणालीचा आवाज सपाट होता. माय फादर फिक्स माय मॅरेज, फ्रॉम मंडे आय नॉट कम टु कॉलेज. त्याच्याखाली नणंदबाईंचं खणखणीत उत्तर होतं. हॅज फिक्स्ड. आय विल नॉट कम. रिपीट. मग पुन्हा प्रणाली. या वेळी तिने सावकाश आणि अगदी बरोबर म्हटलं होतं, माय फादर हॅज फिक्स्ड माय मॅरेज, फ्रॉम मंडे आय विल नॉट कम टु कॉलेज. आणि शेवटी नणंदबाई. व्हेरी गुड. क्लिअर व्हॉइस.

"बघा," नणंदबाई अभिमानाने म्हणाल्या. "एक चूक नाही."

माझे यजमान वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, "ताई, ती लग्न ठरलं म्हणते ना. शिक्षण सोडते म्हणते."

मी नणंदबाईंना इतक्या वर्षांत रागावलेलं, रडलेलं, आजारी, सगळं पाहिलं होतं. पण त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी निरोप परत लावला. फोन पेल्यातून काढून कानाला लावला, जसा इतर माणसं लावतात. मग फोन मांडीवर ठेवला.

"मी तिले व्हेरी गुड म्हटलं वं," त्या म्हणाल्या.

आम्ही दोघी रिक्षा करून वाडीला गेलो. गोदामांच्या मागे भाड्याच्या खोल्यांची रांग आहे, तिथे सगळ्यांत शेवटची प्रणालीची. आई ती लहान असतानाच गेलेली, घरात बाप आणि लेक दोघंच. वडील दारातच होते. "जयभीम मॅडम. तब्येत बरी हाय ना?" त्यांनी खुर्ची पुसून दिली. नणंदबाईंनी जयभीम घातला, बसल्या आणि बोलायला लागल्या. रिक्षात त्यांनी सगळं भाषण तयार केलं होतं. शिक्षणाचं महत्त्व झालं, मुलीने स्वतःच्या पायावर उभं राहण्याचं महत्त्व झालं, वडिलांच्या कर्तव्यावर आल्या. गृहस्थ हात जोडून ऐकत होते. प्रणाली चहा घेऊन आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. भाषण संपल्यावर वडील म्हणाले, "मॅडम, तुमचं सारं बरोबर हाय. पन मले एक सांगा. तुमी एवढ्या शिकल्या, तुमच्या मागं कोन हाय? त्या दिवशी तुमच्या छातीत दुखलं तं वाडीवरून मले याव लागलं. माह्या पोट्टीले उद्या असं झालं तं कोन येईन?"

यात हेटाळणी मुळीच नव्हती. म्हणूनच ते लागलं. मी इतकी वर्षं त्यांना ओळखते, पण दुसऱ्याच्या वाक्यात नणंदबाईंना एकही चूक सापडली नाही, असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

"पोरगा कळमेश्वरच्या कंपनीत पर्मनंट हाय," वडील पुढे म्हणाले. "दारू नाही, काई नाही. मी तिले इचारलं होतं. ती काई बोलली नाही. नाही म्हनली असती तं मी काय कसाई हावो का?"

नणंदबाई प्रणालीकडे वळल्या. "तुले कराचं हाय का हे लग्न?" प्रणालीने जमिनीकडे पाहिलं. मग त्यांनी तेच इंग्रजीत विचारलं. आणि ती मुलगी, जमिनीवरची नजर न काढता, म्हणाली, "नॉट नाऊ, मॅडम. आफ्टर फायनल इयर. फर्स्ट आय वॉन्ट टु बी नर्स."

नर्सच्या आधीचा आर्टिकल खाल्ला गेला होता. माझी नजर आपोआप नणंदबाईंच्या कपाळाकडे गेली. शीर उभी राहिली नाही.

"काय म्हनते ते?" वडिलांनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं. मी सांगणार होते, पण नणंदबाईंनी माझा हात दाबला. "आमी नाही सांगत. तेच सांगन. सांग वं तुह्या बाबाले. मराठीत." प्रणालीने तोंड उघडलं आणि मिटलं. डोळे भरले. बापलेक समोरासमोर उभे, मध्ये चहाचे कप, आणि बाहेर कोणी तरी ट्रक मागे घेत होतं. मला वाटलं, संपलं, आता उठावं. तर नणंदबाई म्हणाल्या, "फोन कुठं हाय तुहा? घे. आत जा. अन् बाबाले पाठव."

ती आत गेली. पडद्याच्या मागून तिचा आवाज येऊ लागला. बाबा, मले... थांबली. पुसलं. बाबा, तुमी मले इचारलं तेव्हा... थांबली. परत पुसलं. आम्ही तिघं बाहेर बसून ऐकत होतो आणि ऐकत नसल्यासारखं करत होतो. वडील आपल्या गुडघ्यावरचा नसलेला चुना झटकत होते. किती वेळ गेला कोणास ठाऊक, चहावर साय आली. मग त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी तो काढला, कानाला लावला. नणंदबाईंच्या पेल्याची त्या घरात गरज नव्हती. खोली एवढीशी, की आम्हालाही सगळं ऐकू आलं.

"बाबा, मले नर्स व्हाचं हाय. लग्नाले मी नाही नाही म्हनत. पोरगा चांगला हाय. पन परीक्षा होऊ द्या. तुमी इचारलं तेव्हा माह्या तोंडातून निंगलंच नाही. तुमी खुश होते ना, म्हनून."

निरोप संपल्यावरही ते फोन कानाला धरून बसले. मग पडद्याकडे पाहून म्हणाले, "पयलेच काहून नाही बोलली गा, बापू?" मुलीला ते लाडाने बापू म्हणत असावेत. आतून नाक ओढल्याचा आवाज आला. नणंदबाई उठल्या. "चहा थंड झाला," त्या म्हणाल्या, आणि तो थंड चहा उभ्याने पिऊन टाकला.

त्यानंतर कथेत व्हायला हवं तसं काही झालं नाही. मुलाकडच्यांनी थोडे दिवस तोंड वाकडं केलं, मग थांबायला कबूल झाले. प्रणाली परत कॉलेजात आली, परीक्षा चांगली पास झाली, आणि तिने त्याच मुलाशी लग्न केलं. नणंदबाईंना हे फार लागलं. त्यांना मनातून लग्न मोडायला हवं होतं. त्या लग्नाला गेल्या, नवरदेवाला आहेर दिला आणि त्याच्या कानात पत्रिकेतल्या चुका सांगितल्या. तो बिचारा लाजून 'थँक्यू' म्हणाला. "उच्चार बरा हाय," नणंदबाई जेवताना मला म्हणाल्या. एवढ्यावर त्यांनी त्याला पास केलं.

त्या आपल्यापरीने बदलल्याही. आता निरोप आला की त्या आधी मुलगी काय म्हणते ते ऐकत, आणि मग कशी म्हणते ते. यामुळे कामाचा पसारा भलताच वाढला. दारू पिणाऱ्या काकाला समजवायला त्या एका रविवारी एसटीने त्या गावी गेल्या आणि त्याला पारावर बसवून दोन तास बोलल्या. काका अजून पितो. फक्त नणंदबाई येणार असं कळलं की शेताकडे निघून जातो, आणि काकूला तेवढाच निवांतपणा मिळतो. आमच्या यजमानांना मात्र या बदलाचा काही लाभ झाला नाही. त्यांचं म्हणणं ऐकलं जाण्यासाठी त्यांना आधी इंग्रजीत चुकावं लागेल, आणि तेवढी हिंमत त्यांच्यात नाही.

मग कॉलेजने एक ॲप घेतलं. मुलींनी फोनवर इंग्रजी वाक्य बोलायचं, आणि यंत्राने उच्चार तपासून चांदण्या द्यायच्या. माणसाची गरज नाही. मोठ्या बाईंनी नणंदबाईंना शाल, नारळ आणि एक झाडाची कुंडी देऊन मोकळं केलं. नणंदबाईंनी घरी येऊन ते ॲप स्वतःच्या फोनवर घेतलं आणि त्याच्यासमोर ताठ बसून एक परिच्छेद वाचला. यंत्राने त्यांना पाचपैकी दोन चांदण्या दिल्या आणि 'पुन्हा प्रयत्न करा' असं सुचवलं. त्यांनी पुन्हा वाचलं. परत दोनच. संध्याकाळपर्यंत त्यांचं आणि त्या यंत्राचं वाजलं. जोशीकाका वरून म्हणाले, आज कोण आलंय हो तुमच्याकडे भांडायला. जिने आयुष्यभर दुसऱ्यांना गुण दिले, तिला कोणी गुण देतंय, हे पाहून मला थोडं बरं वाटलं, हे कबूल करते. ते बरं वाटणं फार टिकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खालून काहीच आवाज आला नाही.

मुलींचे निरोप आधी कमी झाले, मग तुरळक. त्यांना नोकऱ्या लागल्या. पाळ्या, रात्रपाळ्या, लेकरं. इंग्रजीत रोज म्हैस सांगायला वेळ कोणाला आहे. आताशा नणंदबाई सकाळी बराच वेळ अंगणातल्या त्या कुंडीला पाणी घालत असतात. ते झाड पाण्याने कुजायला आलं आहे, पण त्यांना सांगायचं कोणी.

परवा मी भरीत घेऊन खाली गेले तेव्हा त्या दिवाणाच्या कडेला बसल्या होत्या, फोन कानाला. मला हाताने थांब म्हणाल्या. आत प्रणालीचा निरोप वाजत होता. इंग्रजीत नाही, आपल्या घरच्या बोलीत. दवाखान्यातली नवी सिस्टर फार शहाणपणा करते, कूलरचा पंप बिघडला, नवऱ्याची दुसरी पाळी आहे म्हणून भाजी दोनदा करावी लागते, बाबा आता मांजर पाळून राहिले आणि मांजर त्यांच्याशिवाय जेवत नाही, सासू तशी चांगली आहे पण सारखी टीव्ही लावते. त्यात विचारलेलं काही नव्हतं, मागितलेलं काही नव्हतं, आणि ती थांबायचं नाव घेत नव्हती. नणंदबाई मान हलवत ऐकत होत्या. शेवटी एकदाचा तो निरोप संपला.

"किती बोलते वं हे पोट्टी," त्या म्हणाल्या.

मला वाटलं आता फोन ठेवतील. पण त्यांनी भरिताचं भांडं बाजूला सरकवलं, फोन परत कानाला लावला, आणि तोच निरोप पहिल्यापासून ऐकायला घेतला.